माळढोकामागचा माणूस

मार्डी रस्ता, वस्ती
सोमवार, १४ जून १९७६

शंकरप्पा,

रोल संपला म्हणालास. ओसरीत माणसं भरलेली, तुझ्या गळ्यात तो कॅमेरा लोंबतोय, आणि तू मान खाली घालून म्हणालास, "अक्का, रोल संपला, एकसुद्धा फोटो उरला नाही." मी खुळी, ते खरं धरलं. दहा महिने खरं धरलं. बायका विचारायच्या, एवढा फोटोवाला भाऊ असून मालकाचा फोटो कसा न्हाई गं? तर मीच तुझी बाजू घेऊन सांगायची, "रोल संपला हुता वो, त्यो तरी काय करंल?"

काल ग्रामसेवक रामहरी वस्तीवर आला. सायकलवरनं उतरायच्या आधीच ओरडाय लागला, "काकू, आपल्या माळाचा पक्षी पुण्याच्या पेपरात आलाय! तुमच्या भावाला पहिलं बक्षीस!" मी हात पुसून बघायला घेतलं. माळढोक गळ्याची पिशवी फुगवून उभा आहे. चांगला आलाय. पण पक्ष्याला मी काय बघू? तो मला रोज दिसतो. मी त्याच्या मागं बघितलं.

मागं आमच्या शेताचा बांध आहे. बांधाच्या अलीकडं ताज्या मातीचा ढीग, कडेनं दगड, वर खोचलेली बेलाची डहाळी. ती डहाळी मी माझ्या हातानं खोचली. शनिवारी दिवस मावळताना मालकांना माती दिली. सोमवारी पाऊस झाला, ढीग खचला आणि डहाळी वाहून गेली. मग हा फोटो कधीचा? रविवारचा. रविवारी सकाळी "अक्का, जीव लागत नाही, माळावर जरा फिरून येतो" म्हणून तू गेला होतास. तर मग शनिवारी तुझा रोल कसा काय संपला होता?

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हार घालतात आणि एक फोटो काढतात. हे तुला मी सांगायला नको. माझ्या मावशीचा नवरा, म्हणजे तुझा बाप, त्याचा तसलाच फोटो तुमच्या घरात लावलेला आहे. मालकांना बसवलं तेव्हा तोंड लई शांत होतं. आत्ता उठून चहा मागतील असं. धाकटा दीर गुंडा म्हणाला, "वैनी, सायकल काडतो, सोलापुरातनं फोटोवाला आणतो." मी म्हटलं, "कशाला? आपला शंकरप्पा हाय की हितं." तू बाजूलाच उभा होतास. ऐकत होतास. तेव्हा बोलला नाहीस. दोन तास गेले, जंगम आले, बसवून न्यायचं विमान बांधून झालं, आणि उचलायच्या वेळेला मी म्हटलं काढ आता, तेव्हा तुझा रोल संपला.

ह्या घरात मालकांचा दुसरा फोटो नाही. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत फोटोवाले पडदा लावून बसतात, दर साली मी म्हणायची चला, आणि ते म्हणायचे, "पुढल्या साली, नवं धोतर घेतल्यावर." सव्वीस वर्षं संसार केला, ते पुढलं साल काही आलं नाही.

तू असं का केलंस ते लिही. गोड लिहू नको.

ईरम्मा


पुणे
२३ जून १९७६

ति. ईरक्का हिस शंकरचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मन सुन्न झालं. अक्का, तुझा मोठा गैरसमज झाला आहे. त्या दिवशी रोल खरोखरच संपला होता. माती देऊन आल्यावर हात-पाय धुवायला पिशवीतून टॉवेल काढला, तेव्हा त्यात गुंडाळलेला दुसरा रोल सापडला. पण तोवर उशीर झाला होता. तुला सांगून तुझं दुःख वाढवावं असं वाटलं नाही, म्हणून गप्प राहिलो. चूक झाली असेल तर एवढीच.

रविवारी माळावर गेलो तो खरंच मन लागत नव्हतं म्हणून. पक्षी आपणहून समोर आला. मागे दाजींची जागा दिसते आहे, हे फोटो छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं. मला तर त्यात एक अर्थ वाटला. ज्या माळावर मल्लप्पा दाजींनी मला चार वर्षं फिरवलं, त्याच माळाच्या राजानं त्यांच्यापाशी येऊन उभं राहावं! बक्षीस घेताना मी मनात म्हटलं, हे दाजींचं आहे.

ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मी पक्ष्यावर नजर लावून बसलेला. दाजी बैल सोडून त्यांना पाणी पाजायला ओढ्याकडे गेले. बराच वेळ झाला म्हणून बघायला गेलो, तर ते पडलेले. काही करायला वेळच मिळाला नाही. तुला हे सगळं तेव्हाच सांगितलं आहे.

दाजींचा फोटो माझ्याकडे असता, तर तुझ्यावर मागायची वेळ आली असती का? सोबत त्या पक्ष्याचाच मोठा फोटो करून पाठवतो आहे. काच लावून ओसरीत लाव. दाजींची आठवण म्हणून.

तब्येतीला जप. महादेवीचा नमस्कार.

तुझा
शंकर


वस्ती
गुरुवार, १ जुलै १९७६

शंकरप्पा,

पक्षी परत पाठवलाय. त्याच पुठ्ठ्यात आहे, काढून घे. त्याला मी हार घालू का भस्म लावू?

टॉवेलात रोल सापडला म्हणतोस. तुझा टॉवेल त्या दिवशी माझ्याकडं होता. मालकांच्या हनुवटीला बांधायला पांढरं फडकं सापडेना म्हणून तूच काढून दिलास. माती देताना त्यांच्याबरोबरच तो गेला. आता कुठला टॉवेल काढून हात-पाय धुतलेस?

गोड लिहू नको म्हटलं होतं. तरी लिहिलंस.

चार वर्षं तू आलास. पावसाळा लागला की पुण्याचं पत्र यायचंच. "दाजी, नर फुगायला लागला का?" मालक खुरपणी टाकून बघून यायचे आणि मला पत्र लिहायला लावायचे की ये, फुगायला लागलाय. तुला हा पक्षी पहिल्या साली कुठं दिसत होता? चालत गेलास की फर्लांगावरनं उडायचा. मालकांनी सांगितलं, "तम्मा, माणसाला भितंय ते. बैलगाडीला भीत न्हाई." मग गाडी जुंपायची, तू गाडीच्या आडून त्यांचं घोंगडं पांघरून चालायचं, आणि मालक गोल गोल गाडी फिरवत तुला पक्ष्याच्या जवळ न्यायचे. दोन-दोन, तीन-तीन तास. आपली पेरणी-खुरपणी सोडून. मी बोलले की हसायचे. म्हणायचे, "आपल्या माळाचं नाव हुईल की गं." नाव झालं. तुझं झालं.

तुझ्याकडं त्या पक्ष्याच्या अंड्याचा फोटो आहे. काळविटाचा आहे. आमच्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर कोतवाल पक्षी बसलाय, तोसुद्धा आहे, तूच दाखवलास. आणि त्या बैलाचा कासरा धरून चार वर्षं उभा असलेल्या माणसाचा एक नाही? हे कुणाला सांगतोस?

मला एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी मालकांचं तोंड विसरायला लागले आहे. चालणं आठवतं, खोकला आठवतो, पाठ तर लांबून ओळखीन. तोंड आठवायला गेलं की नुसती टोपी दिसते. सव्वीस वर्षात मी त्यांच्याकडं नीट बघितलंच नाही बहुतेक. कोण बघतंय नवऱ्याकडं. वाटलं आहेतच की.

५ ऑगस्टला, श्रावणातल्या नवमीला, पहिलं वरीस आहे. जंगम येणार, पावणे येणार. पुढं काय ठेवू? टोपी?

मंगळवार पेठेत गंगाधर फोटोवाला आहे, त्याला मी जाऊन विचारलं. तो म्हणाला, "बाई, फोटो हरवला तरी निगेटिव्ह राहती. टिकलीएवढं तोंड असलं तरी मी मोठं करून देतो." तर तुझ्याकडची निगेटिव्ह आहेत ती सगळी पाठव. तू शोधू नको. मी शोधते.

ईरम्मा


पुणे
१० जुलै १९७६

ति. ईरक्का,

तुझ्यापुढे खोटं टिकत नाही. लहानपणी गूळ चोरला तेव्हाही टिकलं नव्हतं.

दुसरा रोल नव्हता. तोच एक होता, छत्तीस फोटोंचा, आणि त्यातले चार उरले होते. तू म्हणालीस "काढ आता", तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहितो. चार वर्षं मी त्या पक्ष्याच्या मागे होतो. शनिवारी तो फुगला, पण प्रत्येक वेळी थोडा लांब, थोडा पाठमोरा. मला कळत होतं, अजून एक दिवस तो त्याच जागी येणार. पुढच्या वर्षी मला रजा मिळेल की नाही, पक्षी राहील की नाही, काय सांगावं. लोक बंदुका घेऊन येतात. आणि दाजी तर गेलेच होते. बसवलेल्या प्रेताचा फोटो मला लहानपणापासून बघवत नाही. आमच्या आप्पांचा आहे ना, त्याच्याखाली बसून मी कधी जेवलो नाही. वाटलं, अक्काला तरी कशाला तो रोज बघायला. असं सगळं एका क्षणात मनात आलं आणि तोंडातून ते वाक्य गेलं. एकदा गेल्यावर परत घेता येईना.

मी नीच आहे असं तुला वाटेल. वाटू दे. पण अक्का, चोवीस तास माणूस नीच नसतो गं.

निगेटिव्ह मात्र माझ्याकडे नाहीत. प्रदर्शनासाठी मुंबईला एका संस्थेकडे दिली आहेत, परत कधी येतील सांगता येत नाही. शिवाय ती नाजूक असतात, टपालात ओरखडे पडतात. माझ्याजवळ त्या रोलमधला छापलेला एक फोटो होता, तो पाठवतो. दाजी आहेत, बैल आहे, मागे पाऊस भरून आलेला आहे. चेहरा दिसत नाही, कारण मीच त्यांना सांगितलं होतं, की दाजी, इकडे बघू नका, पक्षी बुजेल. ते कधीच इकडे बघायचे नाहीत. फार गुणी माणूस.

हा फोटो ठेवून वरीस घाल. आणि आता हा विषय संपव, मी पाया पडतो.

शंकर


वस्ती
शनिवार, १७ जुलै १९७६

शंकरप्पा,

पाठ पोचली.

पाठ मला आठवते असं मी तुला लिहिलं होतं. पत्र वाचतोस का नुसता शाईचा वास घेतोस?

चार उरले होते. त्यातला एक दिला असतास तरी पक्ष्याला तीन राहिले असते. एवढंच मी हिशेब करून बघते आणि मला तू कळत नाहीस. कमी पडले असते असंही नाही.

निगेटिव्ह मुंबईला आहेत ह्यावर माझा विश्वास नाही. तू लहानपणी काड्यापेटीची चित्रंसुद्धा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाहीस. मी तुझ्या बायकोला वेगळं पत्र टाकलं आहे. तिला काय लिहिलं ते तिला विचार.

ईरम्मा


पुणे
२२ जुलै १९७६

ति. ईरक्का यांना महादेवीचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलंत, "उद्या तुझ्यावर अशी वेळ आली तर तू काय पुढं ठेवशील?" ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही.

निगेटिव्ह मुंबईला नाहीत. कपाटात पत्र्याच्या डब्यात आहेत. प्रत्येक पाकिटावर ते तारीख घालतात. १६-१७ ऑगस्ट लिहिलेलं पाकीट पाठवते आहे, सहा पट्ट्या आहेत. मी उजेडात धरून बघितलं, पण पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं असतं, मला काही ओळखू आलं नाही.

त्यांना मी सांगितलेलं नाही. सांगेन. अक्का, मी त्यांची बाजू घेत नाही, पण तुमच्याकडून आल्यापासून त्यांनी कॅमेरा हातात धरला नाही. स्पर्धेला फोटो त्यांच्या मित्रानं आग्रह करून पाठवला. बक्षीस आलं त्या दिवशी माणसं पेढे मागत होती आणि हे मागच्या अंगणात नळाखाली नुसते उभे होते, कपड्यांसकट. मला वाटलं दाजींची आठवण आली असेल. आता वाटतं की आणखी काहीतरी आहे. काय ते मला विचारायचं धाडस होत नाही. तुम्हाला होईल.

पट्ट्या कडेला धरा, मधे बोट लावू नका, असं ते नेहमी सांगतात.

महादेवी


वस्ती
गुरुवार, २९ जुलै १९७६

शंकरप्पा,

तुझ्या बायकोला काही बोललास तर मी पुण्याला येऊन तुझ्या ऑफिसात बसेन. तिनं जे केलं ते तुझ्यात नाही.

गंगाधरनं सगळ्या पट्ट्या एका कागदावर छापून दिल्या. छत्तीस लहान लहान फोटो, कडेला आकडे. मी चौथीपर्यंतच गेले, पण आकडे मला येतात. त्यानं भिंगाचा चष्मा दिला आणि म्हणाला, "बसा, सावकाश बघा." मी सकाळी बसले ते दुपारची एसटी चुकली.

सत्तावीस नंबरपर्यंत पाठच आहे. अठ्ठाविसात पक्षी मधे आहे, कडेला आमची गाडी, आणि मालक चाकापाशी खाली बसलेत. एक हात छातीवर. एकोणतिसात पक्षी मान वर करून उभा आहे, आणि मालकांनी तुझ्याकडं तोंड फिरवलंय. तिसात पक्ष्याची पिशवी फुगली, मालकांचं डोकं चाकाला टेकलं. एकतिसात पक्षी मोठा दिसतो, म्हणजे तू पुढं सरकलास, आणि कोपऱ्यात मालकांचा नुसता पाय दिसतो, लांब झालेला. बत्तिसात पक्षी आणि गाडीचा मागला भाग. मालक नाहीतच, तू बाहेर ठेवलेत. तेहतीस ते छत्तीस मातीचा ढीग.

बैल ओढ्यावर गेले होते म्हणालास. बैल प्रत्येक फोटोत जुंपलेले आहेत. मानेवरचं जू एकदा निघालं नाही.

आणि सावली आहे. ती पुसायला तू विसरलास, कारण तुला घड्याळ आहे. आम्ही भाकरी घेऊन रानात कधी जायचं ते सावली बघून ठरवतो. अठ्ठाविसात चाकाची सावली चाकाच्या दीडपट लांब पडली आहे, ती न्याहारीची वेळ. बत्तिसात ती चाकाच्या निम्म्यावर आली. माझ्या घरी त्या वेळेला दुपारची चूल पेटते. मधे दोन तास गेले. कमी म्हण, दीड म्हण. मी काल त्याच जागी जाऊन काठी रोवून बघितलं. दीडाच्या आत बसत नाही.

नान्नजचा डॉक्टर तिथनं गाडीनं अर्ध्या तासावर. गाडी उभी होती. बैल जुंपलेले होते. तुला हाकता येत नाही असं नाही, मालकांनीच शिकवलं होतं. ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही. मला कळत नाही त्यातलं. पण गाडी कुणीतरी वळवायची होती.

मी आजपर्यंत तुला चार फोटोंसाठी शिव्या दिल्या. मला वाटत होतं तू मेलेल्या माणसाला नाही म्हणालास. ते मी एखादे वेळी गिळलं असतं.

तोंड सापडलं. एकोणतीस नंबर. सगळ्या छत्तिसात तेवढंच एक. गंगाधरनं मोठं करून दिलं, जरा धुरकट आहे पण ओळखू येतं. भुवईत तोडल्यासारखी जागा होती, ती मी विसरले होते. खालचा ओठ जाड होता. सगळं आठवलं. मुलगी बघायला आलेल्या पावण्यांपुढं लाजावं तशी मी लाजले आधी. मग डोळे बघितले.

भिंतीला टेकवलं होतं तेव्हाचं शांत तोंड तू घेतलं नाहीस. हे घेतलंस. चार वर्षं तू त्यांना सांगत आलास, दाजी इकडे बघू नका, आणि त्यांनी ते पाळलं. त्या दिवशी बघितलं. म्हणजे किती दुखत असेल, ते मला त्यावरनं कळलं. पक्षी बुजला तरी चालेल असं मालकांना वाटावं, एवढं.

तोंड उघडं आहे. गंगाधर म्हणतो धाप लागली असेल. मी त्या तोंडाबरोबर सव्वीस वर्षं राहिले, ते धापेचं नाही, बोलतानाचं आहे. मालक तुला काहीतरी सांगतायत. तू वीस पावलांवर होतास, तुला ऐकू आलं. त्यांचं शेवटचं बोलणं तुझ्याकडं आहे. ते माझं आहे. फोटो तुझा असेल, कॅमेरा तुझा असेल, ते बोलणं तुझं नाही.

"अक्का, क्षमा कर" असं लिहू नको. नीच आहे का गुणी आहे ते लिहू नको. ऐकू आलं नाही असं तर लिहूच नको. मालक काय म्हणाले, त्यांच्याच शब्दात, आणि त्यावर तू त्यांना काय म्हणालास, तुझ्या शब्दात. दोन ओळी पुरतील. थांबा म्हणाला असशील तर थांबा लिही. हाताची खूण केली असशील तर तेही लिही.

गुरुवारी ५ तारखेला वरीस आहे. जंगम सकाळीच येणार. हा फोटो पुढं ठेवून पावण्यांना पाया पडायला लावायचं, का ते तोंड माझ्यापुरतं पेटीत ठेवून कोरी भिंत पुजायची, ते मी तुझं उत्तर वाचून ठरवणार आहे. पोस्टमन दुपारी वस्तीवर येतो. बुधवार, ४ ऑगस्ट. तुझं पत्र त्या दिवशीच्या टपालात पाहिजे.

ईरम्मा